फँजिओ, क्लार्क, हॅमिल्टन: एका तागडीत बसतात का?

डेपोचा पोरगा, बीड

काल चुलतभावाशी वाजलं, फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतीत सगळ्यात भारी ड्रायव्हर कोण यावरून. तो म्हणतो, हॅमिल्टनचे २०२५ अखेर १०५ विजय, शूमाकरचे ९१, सेनाचे ४१ (रेसवाला सेना, आमच्याकडं सांगावं लागतं) अन् फँजिओचे २४. वर कोण ते दिसतंय, आता झोपा. मला काय झोप आली नाही, म्हणून इथं मांडतो.

१९५० मध्ये फॉर्म्युला वनच्या अख्ख्या मोसमात ७ शर्यती होत्या. २०२४ मध्ये २४. फँजिओ आयुष्यभरात ५१ शर्यतींत उतरला अन् त्यातल्या २४ जिंकला. हॅमिल्टन साडेतीनशेच्या वर पळालाय. नुसते विजय मोजायचे म्हणजे विहीर परसात मोजायची, बोअर फुटात मोजायचा, अन् आकडा मोठा म्हणून बोअर भारी म्हणायचं.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी, पावर स्टेअरिंग नाही, गिअर बदलायचा तर क्लच दोनदा मारायचा. इंजिन केबिनमध्येच. डाव्या पोटरीला बॉनेटची धग लागून लागून तिथले केस गेले ते गेलेच. फँजिओची १९५७ ची जर्मनीतली नुर्बुर्गरिंगची शर्यत वाचताना मला ती पोटरी दिसते. २२.८ किलोमीटरची एक फेरी, अशा २२ फेऱ्या. वय ४६. मध्येच पेट्रोल-टायरसाठी थांबला तिथं वेळ गेला, फेरारीचे हॉथॉर्न आणि कॉलिन्स पाऊण मिनिटानं पुढं निघाले. गड्यानं फेरीमागून फेरी विक्रम मोडत दोघांनाही गाठलं. साडेतीन तास चालली शर्यत. माझ्या लेखी त्याच्या वर कुणी नाही.

वाळूजचा फिटर

बोअर खोलच असतो, भाऊ. ते सोडा.

फँजिओची पाच विजेतेपदं, चार कंपन्या: अल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीज, फेरारी. याचं फार कौतुक होतं. मला त्यात एवढंच दिसतं की जिथं चांगली गाडी तिथं हा माणूस हजर. ‘मर्सिडीज भारी म्हणून जिंकला’ असे हॅमिल्टनला टोमणे मारणारे इथं मात्र गप्प. आणि १९५६ ची इटलीतली मोंझाची शर्यत का गाळली? फँजिओची गाडी बिघडली, तर संघातल्या कॉलिन्सनं उतरून स्वतःची गाडी त्याला दिली. कॉलिन्सला स्वतःला विजेतेपदाची संधी असताना! तेव्हा ते नियमात बसायचं. आज कोण देईल?

माझा माणूस जिम क्लार्क. ७२ शर्यती, २५ विजय, विजेतेपदं दोनच. दोनच का? १९६२ ची शेवटची शर्यत, दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनला. क्लार्क सगळ्यांच्या पुढे, आणि इंजिनाचा एक बोल्ट निसटला. ऑइल गेलं, विजेतेपद ग्रॅहम हिलला. १९६४ ला मेक्सिकोत अगदी शेवटाला पुन्हा ऑइलनंच घात केला. आमच्या लाइनवर बोल्ट आवळला की टॉर्क रेंच टक्‌कन वाजतो, मग त्यावर पिवळ्या मार्करची रेघ. रेघ नसेल तर जॉब पुढे सरकत नाही. एका रेघेपायी गेलेलं विजेतेपद ड्रायव्हरच्या खात्यात वजा धरायचं का, ते सांगा.

गोदाकाठची मास्तरीण, नांदेड

तुम्ही दोघं गाडीवरच बोलताय. एकाच संघातले, एकाच गाडीचे दोघे घ्या आणि साखळी जोडा. २०१० ते २०१२ शूमाकर आणि रोझबर्ग मर्सिडीजमध्ये होते, तिन्ही वर्षं रोझबर्गचे गुण जास्त. २०१३ ते २०१६ रोझबर्ग आणि हॅमिल्टन; तीन वर्षं हॅमिल्टन वर, चौथ्या वर्षी रोझबर्ग विजेता. म्हणजे हॅमिल्टन शूमाकरच्या वर. अशाच कड्या मागं नेता येतात: लाउडा-प्रोस्ट, प्रोस्ट-सेना.

डेपोचा पोरगा, बीड

मॅडम, शूमाकर तीन वर्षं घरी बसून, चाळिशी ओलांडून परत आला होता. त्याला रोझबर्गच्या खाली लावता?

गोदाकाठची मास्तरीण, नांदेड

तुमचा फँजिओ ४६ चा चालतो आणि शूमाकर ४१ चा म्हातारा?

बरं, कडी कच्ची आहे हे मान्य. पण तुमच्या पोटरीपेक्षा पक्की आहे. गुणांचंही नियम बघूनच वाचावं लागतं. १९८८ ला प्रोस्टचे एकूण १०५ गुण, सेनाचे ९४. तरी विजेता सेना, कारण सगळ्यात चांगले ११ निकालच धरायचे होते.

पटवाला, हिंगोली

लई हिशेब करायलात. आमच्या शंकरपटात जोडी किती सेकंदात गेली ते बघतेत अन् बैलाचं नाव घेतेत. धुरकऱ्याला, म्हंजी हाकणाऱ्याला, कोण पुसतंय? मोटारीत मात्र सगळं उलटं. २०२० ला बहरीनच्या साखीर शर्यतीला हॅमिल्टनला कोरोना झाला, त्याच्या गाडीत रसेलला बसवलं. उंच पोरगा, आत मावावं म्हणून लहान मापाचे बूट घातले. दुसऱ्या जागेवरून सुटला अन् पहिल्याच वळणात पुढं गेला. संघानं टायरचा घोळ घातला म्हणून मागं पडला. मग पळत कोण होतं, बैल का धुरकरी?

वाळूजचा फिटर

त्याच दिवशी तशाच गाडीत मर्सिडीजचा दुसरा ड्रायव्हर बोटास होता. तो पहिल्या जागेवरून सुटून रसेलच्या मागे पडला. बैल सारखाच, धुरकरी दोन.

पटवाला, हिंगोली

हे मात्र खरं बोललात.

डेपोचा पोरगा, बीड

अन् सोसणं कुणी धरणार का नाही? १९५५ ला ब्युनोस आयर्सला असलं ऊन की गडी गाडीतून उतरून दुसऱ्याला बसवायले होते. तीन तास. फँजिओनं गाडी कुणाला दिली नाही, एकट्यानं चालवली अन् जिंकली. परभणीत मे महिन्यात पत्र्याखाली तासभर बसून बघा.

हेल्मेट, लातूर

कतार, २०२३. ओकॉन नावाच्या ड्रायव्हरनं हेल्मेटमध्येच उलटी केली आणि शर्यत पुरी केली. शिवाय आजच्या गाडीत जोराच्या वळणाला पाच जी पडतात, म्हणजे वजनाच्या पाचपट ओढ. डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरा, म्हणजे मानेला पस्तीस किलोची ओढ. युरियाची गोणी ४५ ची असते, त्याहून थोडीच कमी. ती दीड-पावणेदोन तास, फेरीत कितीदा तरी. तुमच्या वडिलांच्या घाटाला नमस्कार, पण आजच्यांना आरामखुर्चीत बसवू नका.

डेपोचा पोरगा, बीड

आरामखुर्ची मी म्हणलोच नाही. पण शंका आली म्हणून आत्ता वडिलांनाच विचारलं, समृद्धीवर गाडी न्याल का? चहा फुंकत म्हणाले, “तिथं काय चालवायचं? तिथं झोप येती.”

हेल्मेट, लातूर

जालन्यापासून पुढं एकशेवीसच्या काट्यावर, सरळ सिमेंटवर, ती झोप आवरणं हीच तिथली ड्रायव्हिंग आहे. काकांना विचारा, घाटात कधी डोळा लागला होता का.

डेपोचा पोरगा, बीड

विचारलं. चहा ठेवून आत गेले.