७४ वर्षांच्या आत्यासाठी सहा महिन्यांचा अमेरिका प्रवास विमा : कमी हप्त्यात नेमके काय घ्यावे?

प्रश्न : प्रतापनगरकर

नमस्कार. माझी आत्या एप्रिलच्या अखेरीस, नागपूरचे ऊन असह्य होण्याआधी, न्यू जर्सीला लेकीकडे जाणार असून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथेच राहणार आहे. तिचे वय ७४ आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या रोज चालू आहेत आणि २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवलेला आहे. त्यानंतर तिला काहीही त्रास झालेला नाही. आजही ती पहाटे अंबाझरीला फेरी मारून येते. ती निवृत्त शिक्षिका आहे आणि विम्याचे पैसे जावयाकडून घ्यायला तयार नाही, म्हणून तिच्या पेन्शनला झेपेल असा हप्ता मी शोधतो आहे.

सीताबर्डीच्या एका विमा प्रतिनिधीने भारतीय कंपनीची ५० हजार डॉलरची पॉलिसी सुचवली आहे. आतेबहिणीने तिकडच्या एका योजनेची माहिती पाठवली असून तिचा हप्ता जवळपास अडीचपट आहे. विम्याची रक्कम तीच असताना एवढा फरक कशामुळे पडतो, हे मला उलगडत नाही. शिवाय प्रतिनिधीचे म्हणणे असे की अर्जात स्टेंटचा उल्लेख टाळला तर काम सोपे होईल. काही नातेवाइकांचे मत तर असे आहे की अमेरिकेच्या व्हिसाला विमा लागतच नाही, मग पैसे कशाला घालवायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : धरमपेठ, निवृत्त (विमा दावे विभाग)

नातेवाइकांच्या मतापासून सुरुवात करतो. युरोपातील बऱ्याच देशांसाठीच्या सामाईक शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो आणि कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी (तिथे राहणाऱ्यांचे आईवडील आणि आजीआजोबा यांच्यासाठीचा व्हिसा) किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा. अमेरिका पर्यटक व्हिसासाठी तशी अट घालत नाही, हे खरे आहे. तिथल्या १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, त्याच्याकडे पैसे आहेत की नाहीत हे न पाहता, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. मात्र त्या उपचाराचे बिल माफ होत नाही, आणि हृदयाच्या तक्रारीसाठी दोन-तीन दिवस जरी भरती व्हावे लागले तरी त्या बिलात निवृत्त माणसाची सारी पुंजी जाऊ शकते. आपला इथला मेडिक्लेम साधारणतः भारतापुरताच असतो, आणि मुलीच्या नोकरीतील विम्यात आईवडिलांना सहसा घेता येत नाही. त्यामुळे विमा घ्यावाच लागेल.

आता हप्त्यातील फरक. पहिल्या पानावरची रक्कम तूर्त विसरा आणि प्रतिनिधीकडून अटींची संपूर्ण पुस्तिका मागवा. ६० वर्षांवरील प्रवाशांसाठी अनेक भारतीय पॉलिसींमध्ये सब-लिमिट असतात, म्हणजे खोलीचे भाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया, भूल, तपासण्या अशा प्रत्येक बाबीवर वेगळी कमाल मर्यादा असते. तेव्हा वर ५० हजार डॉलर छापलेले असले तरी प्रत्यक्ष बिलातला छोटासा भागच मिळतो. तिकडच्या योजनांमध्येही दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक बाबीसाठी ठरावीक रक्कम मिळते. तिचा हप्ता कमी असतो, पण तिची अडचण आपल्या सब-लिमिटसारखीच असते. दुसरी सर्वसमावेशक असते. तिच्यात आधी ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपण भरायची, त्यानंतर बऱ्याच योजनांमध्ये पहिल्या पाच हजार डॉलरपर्यंत कंपनी ८० टक्के आणि आपण २० टक्के, आणि पुढे विम्याच्या रकमेपर्यंत सगळे कंपनीकडे. आपल्या आतेबहिणीने पाठवलेली योजना या दुसऱ्या प्रकारची असावी, असे हप्त्यावरून वाटते.

आपल्या आत्यांच्या बाबतीत खरा प्रश्न स्टेंटचा आहे. आधीपासूनच्या आजारावरचा नेहमीचा उपचार बहुतेक प्रवास पॉलिसी देत नाहीत. काही सर्वसमावेशक योजना त्या आजाराचा ‘अक्यूट ऑनसेट’ तेवढा मान्य करतात, म्हणजे पूर्वसूचना न देता अचानक उद्भवलेला झटका, ज्यावर बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेतलेला असला पाहिजे. या कलमाला वयाची अट असते. काही योजनांमध्ये ती ७० वर्षांनाच संपते, काहींमध्ये पुढेही चालते, पण रक्कम कमी होते. ७४ व्या वर्षी त्यांना हे कलम लागू आहे का आणि किती डॉलरपर्यंत, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा. फोनवरच्या होकाराला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

हप्ता कमी करायचा असेल तर विम्याची रक्कम कमी करू नका, डिडक्टिबल वाढवा. अडीचशेऐवजी हजार डॉलर धरले तर हप्ता बराच उतरतो, आणि हजार डॉलरची सोय कुटुंब वेळप्रसंगी करू शकते. वर्षभराची ‘मल्टी-ट्रिप’ पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. तिच्यात एका प्रवासाचे दिवस ३०, ४५ किंवा ६० असे मर्यादित असतात आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला ती पुरत नाही.

उत्तर : मनीषनगर

अर्जात स्टेंट लपवू नका, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आमच्या आईच्या अर्जात आजाराच्या रकान्यापुढे प्रतिनिधीने ‘नाही’ लिहिले आणि तिने विश्वासाने सही केली. टेक्सासमध्ये एका रात्री तिच्या छातीत दुखू लागले म्हणून भावाने तिला रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब केव्हापासून आहे असे विचारले, तेव्हा तिने बोटांवर मोजून बारा वर्षे म्हणून सांगितले, आणि ते त्यांच्या नोंदीत गेले. कंपनीने तोच कागद पुढे करून दावा फेटाळला. पुढचे दोन महिने भावाच्या घरी वेगवेगळी पाकिटे येत राहिली : एक रुग्णालयाचे, एक तातडीच्या विभागातील डॉक्टरांचे, एक एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचे. आम्ही विमा लोकपालांकडे गेलो, पण अर्जावर सही आईची असल्यामुळे आमचे म्हणणे टिकले नाही. आई त्यातून बरी झाली. तरी आपल्यामुळे मुलाला एवढा खर्च पडला, हे तिच्या मनातून अजून गेलेले नाही.

उत्तर : मूळची महालची, सध्या ओहायो

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मी फक्त इथे आल्यानंतरचे सांगते. ताप, खोकला, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय यांसाठी थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न जाता ‘अर्जंट केअर’ दवाखान्यात जावे. तिथला खर्च खूपच कमी असतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे असे काही झाले तर मात्र विम्याचा विचार करत न बसता लगेच ९११ ला फोन करावा. योजनेच्या जाळ्यातील, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले, जवळचे अर्जंट केअर आणि रुग्णालय कोणते, हे मुलीने आत्या पोहोचण्याआधीच शोधून फ्रिजवर लिहून ठेवावे. नेहमीच्या गोळ्या विम्यात बसत नाहीत. त्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणाव्यात, आणि चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव असावे, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे इथल्या डॉक्टरांना ओळखू येत नाहीत.

प्रश्नकर्ता : प्रतापनगरकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुस्तिका मिळवून वाचली. २३ व्या पानावर ६० वर्षांवरील प्रवाशांच्या मर्यादांचा तक्ता आहे आणि आधीपासूनचे आजार सरळ वगळलेले आहेत. प्रतिनिधीला नकार कळवला. आतेबहिणीच्या योजनेत हजार डॉलरचे डिडक्टिबल घातल्यावर हप्ता अडीचपटीवरून भारतीय पॉलिसीच्या दीडपटीवर आला आणि आत्याने तो मान्य केला. एकच शंका उरली आहे : परतीची तारीख पुढे गेली तर काय करावे?

उत्तर : धरमपेठ, निवृत्त

विमानतळावर प्रवेश देताना अधिकारी मुक्कामाची शेवटची तारीख ठरवतात आणि ती आय-९४ नोंदीत दिसते. त्या तारखेपलीकडे राहू नये. तिच्या आत मुक्काम लांबला तर पॉलिसी संपण्यापूर्वीच मुदतवाढ घ्यावी, कारण एकदा ती संपली की नवी पॉलिसी घ्यावी लागते आणि मधल्या काळात सुरू झालेले दुखणे तिच्यात ‘आधीपासूनचा आजार’ ठरते. आरंभाची तारीख नागपूरहून निघण्याच्या दिवसाची धरा आणि शेवटची तारीख परतीच्या तिकिटानंतर तीन-चार दिवसांची. स्टेंटची डिस्चार्ज समरी, अलीकडचा ईसीजी आणि लेखी उत्तराचा तो ईमेल यांच्या प्रती एका पाकिटात घालून आत्यांच्या हातातील पिशवीत द्या, सामानाच्या बॅगेत नको.