गूळ घेतला तरी पोट फुगणारच का?

साखर बंद करून चहात गूळ घातला, तरी पोट फुगणं थांबलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साध्या साखरेतलाच घटक असतो, त्यामुळे आतड्याला फारसा फरक कळत नाही. पण चमचाभर सुक्रोजनं सहसा गॅस होत नाही. लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, अशा दोन छोट्या साखरांमध्ये विघटन होतं आणि सोबतचं ग्लुकोज फ्रुक्टोजच्या शोषणाला मदत करतं. सफरचंदाच्या रसात किंवा बहुतेक मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं. ते शोषलं गेलं नाही तर मोठ्या आतड्यात जातं, जिवाणू ते आंबवतात आणि पोट गुडगुडतं. गुळाच्या चहात असं जादा फ्रुक्टोज फारसं नसतं, म्हणून मला तुमच्या चहातल्या दुधाचा जास्त संशय येतो; दुधातली लॅक्टोज ही साखर काहींना नीट पचत नाही आणि तीही अशीच आंबते. आठवडाभर कोरा चहा पिऊन बघाच.

साखरेचा खरा तोटा मला वेगळाच वाटतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय अन्नावर जगतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार करतात, जे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. बिस्किटं, शीतपेयं यांनी भूक भागली की भाकरी, उसळ, पालेभाजी ताटातून कमी होते आणि हे जिवाणू उपाशी राहतात. ३३० मिलिलिटर कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे, आणि गूळ, मधही त्यातच मोजायचे.

उसळी मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवल्या तर सुरुवातीला गॅस जास्तच होईल. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर हे प्रयोग सोडून आधी डॉक्टरांना दाखवा.