मुंबईचं कोविड काम ‘स्ट्रॅटेजिक डिझाइन’च्या खात्यात कशाला?

दादरकर
एका डिझाइन सल्लागाराची पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे २०२० मध्ये मुंबई सावरली ती स्ट्रॅटेजिक डिझाइनमुळे (म्हणजे वस्तूची नव्हे, तर संस्थेचं काम आणि निर्णय कसे चालावेत याची आखणी), म्हणून अनिश्चित काळात प्रत्येक संस्थेच्या वरच्या खुर्चीत डिझायनर हवा. वाचून डोकं फिरलं. पालिकेच्या १९१६ या एका मदत नंबरवर अख्ख्या शहराचे फोन आदळत होते, म्हणून जूनमध्ये २४ वॉर्डांत २४ वॉर रूम, म्हणजे वॉर्डाचे स्वतःचे नियंत्रण कक्ष, उघडल्या. त्या प्रशासनाने उघडल्या. धारावीत एप्रिल-मेच्या उकाड्यात पीपीई किट घालून, पत्र्याच्या खोल्यांमध्ये ताप तपासत फिरले ते पालिकेचे कर्मचारी आणि तिथलेच खासगी डॉक्टर. त्यांच्या घामावर कुणी आपल्या धंद्याची पाटी लावू नये.

पवईवाली
घाम कुणीच नाकारत नाही. पण तो एप्रिलमध्येही गाळला जात होता, तरी लोक खाटेसाठी वणवण करत होते. मग बदललं काय? आधी रिपोर्ट हातात पडला की रुग्ण स्वतःच रुग्णालयं पालथी घालायचा. नंतर रिपोर्ट आधी पालिकेकडे, तिथून वॉर्डाकडे, आणि वॉर रूममधून रुग्णाला फोन: खाट लागेल की घरीच राहायचं. माहिती कुठून कुठे जाणार आणि निर्णय कोण घेणार, याची मांडणी बदलणं हेच तर स्ट्रॅटेजिक डिझाइन. करणाऱ्याकडे डिझाइनची पदवी नसेना का!

चाकण_मेंटेनन्स
आमच्या कारखान्यातही असले सल्लागार आले होते. साचा बदलायला वेळ का लागतो, यावर दोन दिवस कार्यशाळा. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या, आणि लाइनवरचा एकही ऑपरेटर खोलीत नाही. साचे उचलणारी क्रेन शेजारच्या शेडशी सामाईक होती, ती मोकळी होईपर्यंत पोरं उभी राहायची. कुणालाही विचारलं असतं तर चहा संपायच्या आत कळलं असतं.

पवईवाली
ऑपरेटरला न विचारणं म्हणजे वाईट डिझाइन.

चाकण_मेंटेनन्स
हीच पळवाट! जमलं की डिझाइनचा विजय, फसलं की ‘ते वाईट डिझाइन होतं’. मग तुमचं चुकतं कधी?

वकीलसाहेब
क्रेन राहू द्या. रिपोर्ट आधी पालिकेला, ही तुम्हाला मांडणी वाटते? रिपोर्ट रुग्णाचा असतो. जून २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तो रुग्णाला किंवा नातेवाइकांना द्या.

सिस्टर_परळ
वकीलसाहेब, त्या दिवसांत मी वॉर्डमध्ये होते. लक्षणं नसलेला माणूस रिपोर्ट दाखवून खाट अडवायचा आणि धाप लागलेला बाहेर व्हरांड्यात. तुमचा हक्क त्या व्हरांड्यातून बघा.

वकीलसाहेब
खाट कुणाला द्यायची ते डॉक्टरने ठरवावं, त्यासाठी रिपोर्ट दडवायची गरज काय? आधी फोन करा आणि रिपोर्टही द्या.

सिस्टर_परळ
फोन पोचेपर्यंत माणूस रुग्णालयाच्या दारात असायचा! घाबरलेल्या माणसाच्या हातात नुसता कागद ठेवून काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

पवईवाली
वकिलांचा मुद्दा मला पटतो. मांडणी करताना रुग्णाचा हक्क धरलाच नव्हता, तिथे चुकलंच. चाकण, घ्या, हे चुकलं.

दादरकर
रचना बदलल्याने फरक पडला, एवढं मीही मानतो. मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितलं होतं. पण ती रचना चालवली पालिकेच्या माणसांनी, आणि त्या पोस्टमध्ये त्यांचं नावही नाही. त्याचं काय?