ऐरोली खाडीकाठी तिवरं लावायची आहेत

ऐरोलीकर: सोसायटीतर्फे तिवरांची (खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) लागवड करायची आहे. भरतीचं पाणी नीट पोचत नाही तिथे रोपं जगतील का?

खाडीकाठ: नाही. आधी राडारोडा काढून भरतीची वाट मोकळी करा. पाणी साचून राहिलं तर मुळं गुदमरतात, आलंच नाही तर क्षार साठतात. पाणी खेळतं झालं की तिवराचं बी बरेचदा आपसूक रुजतं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी मात्र सगळ्याच्या आधी.

रोपवाटिका: कांदळ या खाडीतल्याच दुसऱ्या झाडाच्या शेंगा (झाडावरच अंकुरलेली लांबट रोपं) लावायच्या तर टोकदार बाजू खाली, एक तृतीयांश चिखलात, १ ते १.५ मीटर अंतरावर. वाहून आलेलं प्लास्टिक रोपाला गुंडाळतं, दर उधाणानंतर काढा.

चिखलपट्टी: उघड्या चिखलावर कृपया लावू नका! फ्लेमिंगो तिथेच चरतात. म्हणूनच तर ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.