क्ले शूटिंग सुरू करायचंय (यूके): स्कीट, ट्रॅप की स्पोर्टिंग?

रेडिंगचा_बंड्या

नमस्कार मंडळी, मी रेडिंगला असतो, वय ४२, आयटीतलाच, दुसरं कोण असणार. मागच्या महिन्यात ऑफिसवाल्यांनी टीम आउटिंग म्हणून एका शूटिंग ग्राउंडवर नेलं, बाराबोर शॉटगनने क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या, फोडायच्या. मी तर चहा-बिस्किटं खाऊन परत यायच्या तयारीनेच गेलो होतो, पण पहिली क्ले फुटून काळा धूर झाला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. बायको म्हणते बुलेट घेऊन झाली, सायकल घेऊन झाली, आता बंदूक राहिली होती.

तर प्रश्न असा की ग्राउंडच्या बोर्डावर इंग्लिश स्कीट, डीटीएल (डाऊन द लाइन), एबीटी (ऑटोमॅटिक बॉल ट्रॅप), ऑलिम्पिक ट्रॅप, स्पोर्टिंग अशी लांबलचक यादी आहे आणि तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला काहीही कर, सगळंच मस्त आहे. नवशिक्याने नेमकं कशापासून सुरू करावं? गन लगेच घ्यावी लागते का? मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, शिवाय उजव्या हाताचा असून डावा डोळा जास्त चालतो असं तिथला इन्स्ट्रक्टर म्हणाला, म्हणजे आमचं जमणारच नाही का? आणि अजून एक, चार-पाच वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे, तर तिकडे यातलं काय चालतं तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

सरेकर_काका

बंड्या, गनचं नाव सध्या काढूच नकोस. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये कलम ११(६) आहे, त्याप्रमाणे पोलिसांनी मंजूर केलेल्या जागी आणि वेळेला क्लेवर शूट करायला सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून तर तुमचं आउटिंग झालं. तेव्हा ग्राउंडचीच गन, ग्राउंडचाच इन्स्ट्रक्टर. स्वतःची घ्यायची तर पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट, त्याची फी २०२५ च्या फेब्रुवारीपासून १९४ पौंड झालीय, जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) मेडिकल माहिती, भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट, पोलीस घरी येऊन बघणार, सगळं साग्रसंगीत. पाच वर्षं चालतं ते. वहिनींना सांग की कपाटाची चावी कुठे असते हे त्यांनासुद्धा माहीत असता कामा नये असा इथला नियम आहे, बघ त्या काय म्हणतात.

आता डिसिप्लिन, म्हणजे खेळाचा प्रकार. माझं मत विचारशील तर डोळे झाकून इंग्लिश स्कीट. अर्धवर्तुळावर सात जागा, डावीकडे उंच घर, उजवीकडे बुटकं घर, दोन्हीकडून क्ले ठरलेल्या रेषेवरूनच येते, आज, उद्या, पावसात, कधीही. पंचवीस क्लेचा राउंड. बदलतोस फक्त तू, म्हणजे तुझी जागा. कधी क्ले तुझ्याकडे येते, कधी तुझ्यापासून पळते, मधल्या जागेवरून सरळ आडवी जाते. चुकलं तर क्ले वेगळी आली म्हणायची सोय नाही आणि इन्स्ट्रक्टरलाही तुझी चूक लगेच दिसते कारण बाकी काहीच हललेलं नसतं. गाडी शिकताना आधी मोकळ्या मैदानात नेतात तसं आहे हे. शिवाय इंग्लिश स्कीटमध्ये गन आधीच खांद्याला लावून 'पुल' (म्हणजे क्ले सोडा) म्हणता येतं, त्यामुळे नवीन माणसाची अर्धी धांदल कमी होते.

आडव्या क्लेच्या किती पुढे मारायचं हे स्कीटवरच कळतं. चार नंबरच्या जागेवर साधारण तीन-चार फूट पुढे. नवीन माणूस नेहमी मागे मारतो, कारण चाप ओढताना गन थांबवतो. नळी हलतीच राहिली पाहिजे आणि नजर नळीच्या टोकावरच्या मण्यावर नाही, क्लेवर.

डर्बीशायरची_सई

काका रागावू नका पण हे स्कीट स्कीट म्हणून तुम्ही लोकांना घाबरवून सोडता. तीच क्ले परत परत मारत बसायची, लोक कंटाळून सोडून देतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बंड्या तू स्पोर्टिंगला ये. दहा-बारा स्टँड, प्रत्येकावर वेगळी जोडी, एक उंच टॉवरवरून डोक्यावरून जाते, एक झाडीतून आडवी, आणि रॅबिट म्हणजे क्ले जमिनीवरून सशासारखी उड्या मारत पळते, ती बघून लहान पोरासारखं हसू येतं. क्लेसुद्धा वेगवेगळ्या, नेहमीची ११० मिलिमीटरची, मिडी ९० ची, मिनी तर ६० ची, लांबून माशी वाटते. बूट घालायचे, स्कोअरकार्ड घ्यायचं, पाच-सहा जणांच्या ग्रुपबरोबर चिखलातून फिरत जायचं, दुपार कशी जाते कळत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक शेतकरी, एक नर्स, एक रिटायर्ड पोस्टमन आणि मी, बोलायचे विषय काय वाट्टेल ते.

आणि खरं सांगू, फक्त स्कीट मारलेला माणूस स्पोर्टिंगला आला की चाळीस यार्डावरच्या आडव्या क्लेला हबकतो, कारण त्याच्याकडे सात जागांची पाठ केलेली उत्तरं असतात आणि इथे पेपर दर वेळी नवा.

सरेकर_काका

सईबाई, पाठ केलेली उत्तरं असली तरी उत्तरं तरी असतात की. स्पोर्टिंगवर नवीन माणूस शंभरातल्या सत्तर चुकवतो आणि का चुकली हे त्याला कुणी सांगत नाही, कारण तोपर्यंत ग्रुप पुढच्या स्टँडवर गेलेला असतो आणि मागे दुसरा ग्रुप उभा असतो. मी स्पोर्टिंग नको म्हणत नाहीये, मी स्वतः दर रविवारी तेच करतो, पण पहिल्या महिन्याला नको.

ओहायोची_ऊर्मिला

मी तिकडची नाही पण मध्ये तोंड घालते. आमच्याकडे अमेरिकेत निम्मे लोक ट्रॅपनेच सुरू करतात, शाळेच्या पोरांच्या लीगसुद्धा ट्रॅपच्या, माझी पोरगी त्यातच शिकली. ट्रॅप नवीन माणसाला बरं पडतं कारण क्ले कायम तुझ्यापासून लांब जाते, खूप पुढे वगैरे मोजायची भानगड कमी, नुसतं झटकन नेम धरून मारायचं. पाच जागा, प्रत्येकावरून पाच, झाले पंचवीस. आमच्याकडे एका क्लेला एकच गोळी, तुमच्या डीटीएल ट्रॅपला म्हणे दोन देतात, मज्जा आहे बाई.

सरेकर_काका

हो देतात, पण पहिल्या गोळीला फुटली तर ३ पॉइंट, दुसऱ्या गोळीला २, म्हणजे शंभर क्लेला ३००. वाटतं सोपं, आणि पहिल्या दिवशी स्कोअर चांगला येतो हे खरंय, क्ले फेकणारं मशीन सोळा यार्ड पुढे जमिनीच्या पातळीला, उंची तीच, फक्त डावी-उजवी बदलते. पण डीटीएल वरच्या लेव्हलला फार निर्दयी आहे, एक क्ले गेली की संपलं. एबीटी हाही ट्रॅपच, पण त्यात मशीन वर-खालीही हलतं. ऑलिम्पिक ट्रॅप तर वेगळीच जात, खंदकात पंधरा मशीनं, क्ले ७६ मीटर फेकतात, कोन ४५ अंशांपर्यंत. पॅरिस ऑलिम्पिकला इंग्लंडच्याच नेथन हेल्सने फायनलमध्ये ५० पैकी ४८ फोडून गोल्ड घेतलं ते हेच. बघायला जा, मारायला अजून वेळ आहे तुला.

आणि ट्रॅपची गन मुद्दाम थोडी वर मारणारी असते, कारण क्ले वर चढत असते. ती घेऊन स्कीट-स्पोर्टिंगला गेलास तर सगळं डोक्यावरून जाईल. कधी काळी घेशीलच तेव्हा साधी तीस इंची स्पोर्टर घे, वर-खाली नळीची, चोक (नळीच्या तोंडाचं आवळण) बदलता येणारी, सेकंडहँड बेरेटा किंवा मिरोकू, सगळीकडे चालते. आणि अंगाला बसते का ते आधी गनफिटरकडून बघून घे.

बाराबोर_पुणेकर

पुण्याचा प्रश्न कुणी घेतलाच नाही म्हणून लिहितो. भाऊ, आपल्या महाराष्ट्रात शूटिंग म्हटलं की रायफल आणि पिस्तूल. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं ब्रॉन्झ, सगळी तीच मंडळी. शॉटगनचं खरं घर दिल्लीकडे, पंजाब-राजस्थानकडे. तुघलकाबादची कर्णीसिंह रेंज १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली, तिथे जाऊन कोच आणि काडतुसं बघायची. बिकानेरचे ते कर्णीसिंह स्वतः ट्रॅपवाले, पाच ऑलिम्पिक खेळलेले. म्हणून त्यांचं नाव.

भारतात स्पर्धेला मुख्यतः ट्रॅप आणि स्कीट. राज्यवर्धन राठोडसाहेबांनी २००४ ला अथेन्सला सिल्व्हर घेतलं ते डबल ट्रॅपमध्ये (एकदम दोन क्ले), आणि तो प्रकार रिओनंतर ऑलिम्पिकमधून काढून टाकला. पॅरिसला मिक्स्ड स्कीट आलं, त्यात आपले महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका ४३-४४ असे एका क्लेने ब्रॉन्झला मुकले, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर कुणी झोपलं नाही.

पण लक्षात घे, तिकडचं इंग्लिश स्कीट आणि ऑलिम्पिक स्कीट एक नाही. ऑलिम्पिकला आठ जागा, गन कमरेजवळ ठेवायची, 'पुल' म्हटल्यावर क्ले शून्य ते तीन सेकंदांत कधीही सुटणार, आणि ती दिसल्याशिवाय गन उचलायची नाही. क्लेही जास्त जोरात जातात. तेव्हा पुण्याला येऊन स्पर्धा खेळायची हे आतापासून धरून डिसिप्लिन निवडू नकोस. काडतुसाचा खर्च आणि लायसन्सच्या फाइली यातच इथला निम्मा उत्साह जातो. तिकडे जे जमतंय ते मस्तपैकी कर.

डर्बीशायरची_सई

डोळ्याचं राहिलं. दोन्ही हात पुढे करून बोटांमध्ये त्रिकोण कर, लांबची एखादी वस्तू त्यात धर, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने वस्तू जागची हलत नाही तो तुझा मुख्य डोळा. तो खरंच डावा असेल तर तीन रस्ते, डावा डोळा मिटायचा, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर टेपचा छोटा ठिपका लावायचा, किंवा सरळ डाव्या खांद्यावरून शिकायचं. अजून सवयच लागलेली नाही म्हणून तिसरा विचार आत्ताच कर, नंतर जड जातं. कोणता, ते इन्स्ट्रक्टरला बघून ठरवू दे, नेटवरच्या माझ्यासारखीला नको.

प्रोग्रेसिव्ह चष्मा मात्र नको. गनवर गाल टेकला की मान पुढे झुकते आणि आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो, प्रोग्रेसिव्हमध्ये तिथे धूसर दिसू शकतं. फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा करून घे, काच पॉलीकार्बोनेटची, मोठी फ्रेम.

रेडिंगचा_बंड्या

बापरे, एवढं सगळं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. त्रिकोण केला, डावाच आहे, बायकोनेही केला, तिचा उजवा, आता तीच म्हणतेय मग मीच जाते. ठरलं असं की पॅंगबोर्नजवळच्या रॉयल बर्कशायर शूटिंग स्कूलला विचारून स्कीटचे धडे दोघांनी घ्यायचे आणि त्यानंतर सईताई म्हणतात तसं स्पोर्टिंगला जायचं, ससा बघायला. पुण्याचं पुण्याला गेल्यावर बघू. काडतुसं बरोबर न्यायची का तिथे मिळतात?

सरेकर_काका

न्यायची कुठून बाबा, सर्टिफिकेटशिवाय दुकानदार देणारच नाही. ग्राउंडवरच मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक वॅड (काडतुसात छर्रे आणि दारूमधलं बूच) चालत नाही, फायबरच लागतो, गुरं चरतात शेतात. दोघांनाही २१ ग्रॅम छर्ऱ्यांची माग, फार तर २४. आउटिंगला बहुतेक २८ दिली असतील, नवीन खांद्याला एवढा धक्का उगाच.

डर्बीशायरची_सई

आणि वहिनींना वीस बोअरची गन आपोआप हातात देतील बाई म्हणून, ती हलकी असते, पण हलकी गन जास्त लाथ मारते. बाराबोरच अंगाला बसणारी मागायला सांग, २१ ग्रॅमबरोबर. टोपी विसरू नका, फुटलेल्या क्लेचे तुकडे खाली येतात.