साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला घरी अ‍ॅजिलिटी? माझं मत: हो, उडी सोडून सगळं

चिंचगूळ

मे महिन्यात घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. नाव भोपळा, वय साडेतीन महिने, वजन १२ किलो. परवा भाच्याने मोबाइलवर रील दाखवली. दोन कुंड्यांवर झाडूचा दांडा आडवा टाकलेला आणि एवढंसं पिल्लू त्यावरून टणाटण उड्या मारतंय. "मावशी, आपण पण शिकवू ना!" मी झाडू जागेवर ठेवायला लावला. पण अ‍ॅजिलिटीची, म्हणजे कुत्र्याने उड्या, बोगदा, फळी असे अडथळे पार करत पळायच्या खेळाची, सुरुवात आमच्याकडे तीन आठवड्यांपूर्वीच झाली आहे, आणि ती याच वयात व्हावी असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात कामाचा निघाला तो जेवायला बसायचा जुना पाट. भोपळ्याला मागचे पाय आहेत हे त्याच्या गावीच नव्हतं. पुढचे दोन पाटावर ठेवायचा आणि मागचं धूड कुठेतरी पाहुण्यासारखं उभं. मी खाऊ नाकाशी धरून पाटाभोवती हळूहळू सरकते. पुढचे पाय पाटावरच ठेवून मागच्यांनी फिरायचं, एवढाच खेळ. पहिले चार दिवस तो मध्येच फतकल मारायचा. पाचव्या दिवशी मागचा उजवा पाय उचलला, थबकला, मान वळवून त्या पायाकडे पाहिलं आणि मग टेकवला. पुढे मोठेपणी अरुंद फळीवरून चालायचं ते याच जाणिवेवर.

बाकी किरकोळ. पडद्याचे दांडे सतरंजीवर आडवे ठेवून त्यातून चालणं (दांडे जमिनीलाच टेकलेले). दोन खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा. आणि घडी केलेल्या टॉवेलवर फळी: पाय ठेवला की ती दोन बोटं कलते आणि 'ठक' वाजते. खेळातल्या खऱ्या सी-सॉच्या (मधोमध टेकवलेली, चालताना कलणारी फळी) आवाजाला बरीच कुत्री घाबरतात, म्हणून तो आवाज आत्ताच खाऊशी जोडायचा. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि खाऊ म्हणजे त्याच्या रोजच्या जेवणातलेच दाणे.

निवांत

साफ असहमत. मागच्या बीगलच्या वेळी मी हेच केलं होतं. घरी येणाऱ्या ट्रेनरने पाचव्या महिन्यात तिला रिंगमधून उड्या मारायला लावल्या आणि आम्ही टाळ्या वाजवत व्हिडिओ काढले. सातव्या महिन्यात पुढचा उजवा पाय उचलून चालायला लागली. एक्स-रे, औषधं, सहा आठवडे साखळीला बांधून विश्रांती. बीगलला सहा आठवडे बांधून ठेवणं काय असतं ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

आंतरराष्ट्रीय नियमांत स्पर्धेला उतरायचं किमान वय १८ महिने आहे. उगाच नाही ठेवलेलं. पिल्लाला झोपू द्या, चपला चावू द्या. वर्ष झालं की बघा.

थेम्सकाठ

निवांत, ते १८ महिने स्पर्धेचे आहेत, शिकण्याचे नाहीत. मी इथे इंग्लंडमध्ये माझ्या कुत्रीला घेऊन क्लबला जाते. तिथे वर्षाखालच्या पिल्लांना अडथळ्याचे नुसते उभे खांब ठेवतात, आडवी दांडी नाही. पिल्लू खांबांमधून पळत जातं, बस. बोगदा आखूड आणि सरळ. ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्या टोकाशी जोडून केलेला उंच चढ-उतार) आणि ते बारा खांबांमधलं नागमोडी पळणं, दोन्हींचं नावही काढायचं नाही.

अवांतर: हा खेळ जन्मला तोच घोड्यांच्या अडथळे उड्यांच्या स्पर्धेवरून (शो जंपिंग). १९७८ साली इथल्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरायला तो दाखवला गेला. तेव्हा उडी होती ७६ सेंमीची. आज इथे मोठ्या कुत्र्यांनाही ६० आहे. म्हणजे शहाणपण मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीतही हळूहळूच आलं.

माळरान

आमच्याकडे सोलापूर भागात कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांची पिल्लं असतात. चार महिन्यांची झाली की शेतात बांधावरून आपापली पळतात, पडतात, उठतात. पाट नाही, टॉवेल नाही. हे सगळं फ्लॅटचं दुखणं आहे. पिल्लाला माती द्या, फळ्या कशाला?

शंकासुर

माळरानांच्या टोमण्यात तथ्य आहे. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या पिल्लांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत जी रोज जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष (हिप डिस्प्लेसिया) होण्याचा धोका जास्त दिसला. जी त्याच वयात बाहेर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी हिंडत होती, त्यांच्यात कमी.

आता प्रश्न चिंचगूळ यांना. तुम्ही दांडे जमिनीवर ठेवलेत, कौतुक आहे. पण राहता कितव्या मजल्यावर? आणि भोपळा खाली उतरतो कसा?

चिंचगूळ

पकडलंत. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण आठवड्यातून दोनदा तरी रुसते. त्या दिवशी तो स्वतः धडधडत उतरतो आणि आम्ही मागून "हळू, हळू" म्हणत राहतो. जणू त्याला मराठी कळतं.

दिवसातून सहा मिनिटं मी सांधे जपते आणि त्याच दिवशी सहा वेळा तो साठ पायऱ्या उतरतो. हा हिशोब मी केला नव्हता. कालपासून उचलून नेतोय, एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली. २० किलोचा झाला की काय करायचं ते माहीत नाही, सासऱ्यांनी आत्ताच कमरेवर हात ठेवलाय.

पण माळरान, माती आणायची कुठून? सोसायटीच्या बागेत कुत्र्यांना बंदी आहे.

गोठा

मी जनावरांचा डॉक्टर आहे. माती आत्ता नकोच. लसींचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्याला असतो. तोवर जिथे अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण म्हणून कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन फिरवा, रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, सगळं दाखवा. नव्या गोष्टी बिनधास्त स्वीकारायचं वय चौदाव्या आठवड्याच्या आसपास सरतं. तुमची 'ठक' फळी या कारणासाठी मला आवडली.

हाडांच्या टोकाशी वाढीचा जो मऊ भाग असतो, तो छोट्या जातींत वर्षाच्या आत भरून येतो. लॅबला सव्वा ते दीड वर्ष लागू शकतं, आणि लवकर नसबंदी केली तर आणखी लांबतं. तोवर उडी नाही, सोफ्यावरून खालीही नाही. त्याहून मोठी भीती मला व्हिट्रिफाइड फरशीची वाटते. फरशीवर चारी पाय चार दिशांना जाणारी पिल्लं मी रोज बघतो. सतरंजीखाली रबरी जाळी घाला, सतरंजी स्वतःच सरकली तर काय उपयोग? पंज्याची नखं आणि पंज्याखालच्या मऊ गाद्यांमधले केस कापा. आणि बरगड्या हाताला लागतील इतपतच खायला घाला.

निवांत

डॉक्टर, पाटाला माझी हरकत नाही. माणसाला आहे. चिंचगूळ ताई दांडा जमिनीवर ठेवतील. त्यांचा भाचा तो विटेवर ठेवेल. इथे वाचणारा एखादा तो खुर्चीवर ठेवेल, कारण पिल्लू "आपणहून उडी मारतंय, त्यालाच आवडतंय". माझ्या बीगललाही आवडायचं हो! पिल्लाला पाच मिनिटांनी जांभया यायला लागल्या, उगाच अंग खाजवू लागलं, तोंड फिरवलं, तर ते दमलेलं असतं. ते बघायला आपण थांबतो का? आपल्याला व्हिडिओ पूर्ण करायचा असतो. म्हणून मी म्हणतो, वर्षभर सुरूच करू नका.

थेम्सकाठ

मग ते पिल्लू वर्षभराने ३० किलोचं, मागच्या पायांचा पत्ता नसलेलं आणि तुमचं न ऐकणारं असेल. पहिली उडी तेव्हा मारेल. ते जास्त सुरक्षित कसं?

निवांत

हा मुद्दा मान्य. अर्धा.

चिंचगूळ

निवांत, कबुली देते. आज दुपारी भाच्याने खरंच एक दांडा दोन शब्दकोशांवर ठेवलेला सापडला. भोपळा त्याच्यावरून गेला नाही. खालून सरपटत गेला आणि एक शब्दकोश चावला. दांडे आता कपाटात कुलपात आहेत, पाट आणि फळी तेवढी चालू. रबरी जाळी उद्या आणते.

निवांत

पाटाचा व्हिडिओ टाका. मागच्या पायाकडे वळून बघतो तो.