ॲमस्टरडॅम अल्बट्रॉस आणि खवले मांजर: धोक्याचा दर्जा एकच कसा?

प्रश्न (जुळे सोलापूर): मुलीने अकरावीच्या प्रकल्पासाठी ॲमस्टरडॅम अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी आणि आपल्याकडील खवले मांजर यांची तुलना निवडली आहे. पक्षी दक्षिण हिंदी महासागरातील एकाच बेटावर घरटी करतो. खवले मांजर मात्र भारताच्या बऱ्याच भागात, तसेच श्रीलंकेतही आढळते. तरीही आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) धोक्यातील जातींच्या लाल यादीत दोघेही ‘संकटग्रस्त’ कसे?

उत्तर (नान्नज): दर्जा एकच असला तरी तो मिळण्याची कारणे वेगळी आहेत. प्रौढांची संख्या २५० पेक्षा कमी असेल, तर केवळ त्या निकषावर एखादी जाती संकटग्रस्त ठरते आणि अल्बट्रॉस त्यात बसतो. खवले मांजराची नेमकी गणना होणे अवघड आहे, कारण ते निशाचर असून दिवसा बिळात राहते. तेथे शिकार आणि तस्करीमुळे होणारी घट निर्णायक ठरली. आमच्याकडे माळढोकामुळे ‘किती उरले?’ हाच प्रश्न तोंडी बसला आहे, पण ‘किती वेगाने घटत आहेत?’ हाही तितकाच महत्त्वाचा आहे.

उत्तर (होटगी रस्ता): दोघांचे साम्य प्रजननात आहे. अल्बट्रॉसची जोडी पिल्लू यशस्वीरीत्या वाढवल्यास साधारणपणे दोन वर्षांतून एकदाच एक अंडे घालते आणि खवले मांजरालाही एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. त्यामुळे प्रौढ मेले, की तूट लवकर भरून निघत नाही. फरक मृत्यूच्या कारणात आहे. ट्यूना माशांसाठी समुद्रात सोडलेल्या, हजारो गळ लावलेल्या दोरीवरील आमिष खाताना अल्बट्रॉस अडकतात. त्यांना मारण्याचा कोणाचा हेतू नसतो. खवले मांजर मात्र हेतुपुरस्सर पकडले जाते. ते धोका दिसताच पळण्याऐवजी अंगाचे वेटोळे करते, आणि बिबट्यापासून वाचवणारी हीच सवय माणसाचे काम सोपे करते. त्याचे खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे असतात, त्यात कोणताही औषधी गुण सिद्ध झालेला नाही.

प्रश्नकर्ता: मग उपायही वेगवेगळे लिहावेत का?

उत्तर (होटगी रस्ता): होय. पक्ष्यासाठी रात्री गळ सोडणे, दोरीला वजन लावून आमिष लवकर बुडवणे आणि जहाजामागे फडफडणाऱ्या पट्ट्या बांधणे, हे उपाय लिहावेत. खवले मांजर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०१६ मध्ये साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) बैठकीत सर्व आठ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला; त्यामुळे तेथे भर तस्करीविरुद्धच्या अंमलबजावणीवर द्यावा.